किडनीतल्या पेशीला धार कळते म्हणे, कशी काय? (केसाची भानगड)

येलदरीवाला
मंगळवार, रात्री १०:४२

राम राम मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढायलोय, विषय जरा वेगळाय. मी जिंतूरला ठिबकचं फिटिंग करतो हे जुन्या लोकांना माहितीच हाय, सबमेन (मोठी नळी), लॅटरल (तिला जोडलेल्या बारीक नळ्या), ड्रीपर (थेंब सोडणारी तोटी) ह्यातच जिंदगी चाललीय. तर झालं असं की आमच्या मोठ्या चुलतभावाला, दादाला, कुशीत दुखायलं म्हणून सोनोग्राफी केली तर दोन्ही किडन्यांत पाण्याचे फोड, फोटोत बघितलं तर द्राक्षाचा घड दिसायला. आमचे मोठे आबा म्हणजे दादाचे वडील पण शेवटी डायलिसिसवर होते, पण तेव्हा सगळे बीपीमुळं झालं म्हणायचे, कोणी फोडांचं नाव काढलं नाही.

तर तिथं एक तरुण डॉक्टर होते त्यांनी केसपेपरच्या मागं चित्र काढून दाखवलं. एक नळी काढली, नळीच्या आतून पेशी लावल्या विटावाणी, अन् दर पेशीवर एक केस काढला. एकच. म्हणले ह्या केसाला लघवीची धार कळते, अन् तुमच्या भावाच्या आजारात बिघाड ह्या केसाशी निगडित हाय. तेवढ्यात पुढचा पेशंट आला, विषय तिथंच संपला.

आता माझा धंदाच नळीचा, मला झोप येईना. आम्हाला नळीत पाणी किती चाललंय बघायला गेज लावावं लागतं, मीटर लावावं लागतं, तरी शेतकरी म्हणतो शेवटच्या झाडाला पाणी येईना. अन् ही पेशी केसानं ओळखती? कुणाला माहिती असंल तर साध्या भाषेत सांगा, विकिपिडिया टाकू नका तो मी वाचून बसलोय, डोक्यावरून गेला.

जोंधळा
मंगळवार, रात्री १०:५५

आधी जागा पकडतो. एकच केस म्हणजे आमच्या सरपंचाची टाळू.

पेट्रीडिश
मंगळवार, रात्री ११:३८

अरे वा, या धाग्याला मी नाही आले तर कोण येणार. मी नांदेडची, सध्या पुण्यात एका लॅबमधे, आणि कुत्र्याच्या किडनीच्या पेशी वाढवणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे. घाबरू नका, कुत्रा नाहीये. मादिन आणि डार्बी या दोघांनी १९५८ साली एका कॉकर स्पॅनियलच्या किडनीतून पेशी घेतल्या त्या अजून जगभर डिशमधे वाढतायत, कुत्रा जाऊन जमाना झाला. त्यांना एमडीसीके म्हणतात आणि केसाची बरीचशी कहाणी याच पेशींवर घडलीय.

डॉक्टरांनी काढलेलं चित्र बरोबर आहे. त्या केसाला प्रायमरी सिलियम म्हणतात. लांबी काही मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), जाडी मायक्रॉनच्या पाव भागाइतकी, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाच्या जाडीत असे दोन-तीनशे शेजारी शेजारी मावतील. श्वासनळीत पण केस असतात पण ते झाडू मारल्यासारखे हलतात आणि एकेका पेशीवर शेकड्यानं असतात, त्यांच्या आत बारीक नळ्यांच्या नऊ जोड्या गोल आणि मधे अजून एक जोडी असते. किडनीतल्या या केसात मधली जोडीच नसते, आणि तो स्वतः हलत नाही, नुसता उभा राहतो आणि धार आली की वाकतो. गव्हाच्या वावरात वारं सुटल्यावर जसं होतं तसं, फक्त इथं वावर नळीच्या आत गुंडाळलेलं आहे.

गंमत म्हणजे १८९८ साली झिमरमन नावाच्या जर्मन माणसानं हे केस बघून चित्रं काढून ठेवली होती आणि त्याला तेव्हाच शंका होती की हे काहीतरी जाणून घ्यायचं अवयव असावं. पण पुढची शंभर वर्षं बहुतेकांनी त्याला अपेंडिक्ससारखं धरलं, असून नसल्यासारखं.

आता झोपते, उद्या सकाळी पेशींना खायला घालायचंय. उरलेलं उद्या.

नाना_अंबड
बुधवार, सकाळी ६:१०

नमस्कार. मी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो, जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर, आता रिटायर होऊन आठ वर्षं झाली. हा धागा सकाळी चहाबरोबर वाचला. पेट्रीडिश ताई, एक विचारतो, आम्ही कालव्यात पाणी मोजायचो ते पातळीवरून, फ्ल्यूमला, म्हणजे कालव्यातल्या मापाच्या अरुंद भागाला, गेज लावलेलं असतं, किती फूट पाणी चढलं त्यावरून क्युसेक काढायचे, तक्ता ठरलेला. म्हणजे वेग थेट कोणी मोजत नाही. मग ही पेशी काय मोजते, वेग, दाब, का पाण्याची पातळी? तिघांत फरक आहे आणि आमच्या खात्यात त्यावरूनच निम्मी भांडणं व्हायची.

शंकासुर
बुधवार, सकाळी ९:२५

नानांचा प्रश्न भारी. मी मेकॅनिकलला आहे संभाजीनगरला, माझा अजून एक. किडनीतल्या एका नळीत धार असते तरी किती? वाकण्याइतकी असते का? मला तर हे गोष्ट सांगितल्यासारखं वाटायलंय, केस वाकला अन् पेशी जागी झाली.

येलदरीवाला
बुधवार, दुपारी १:०५

शंकासुर भाऊ तुमच्या प्रश्नावर दुकानात बसून हिशोब केला, चुकला तर सांगा. नेटवर सगळीकडं लिहिलंय की दोन्ही किडन्या मिळून दिवसाला १८० लिटर गाळतात. म्हणजे तासाला साडेसात लिटर. आवं हा तर आमचा ८ लिटरचा ड्रीपर झाला! अख्ख्या माणसाची गाळणी एका मोसंबीच्या ड्रीपरएवढी. अन् त्यातलं पुन्हा शरीर वापस घेतं, बाहेर दीड-दोन लिटर. पुढं, नळ्या दोन्ही मिळून साधारण २० लाख. मिनिटाला १२५ मिली भागिले २० लाख म्हणजे एका नळीच्या तोंडाला मिनिटाला ६० नॅनोलिटरच्या (नॅनोलिटर म्हणजे मिलीचा दहा लाखावा भाग) आसपास. थेंबाचं धरलं ५० मायक्रोलिटर तर एक थेंब जायला १३ तास.

१३ तासाला एक थेंब! असा ड्रीपर मी लावला तर शेतकरी मला त्याच लॅटरलनं बडवंल.

जोंधळा
बुधवार, दुपारी १:२०

तरी शेवटच्या झाडाला पाणी पोचतंय हे महत्त्वाचं.

पेट्रीडिश
बुधवार, रात्री ९:५०

हिशोब बरोबर आहे आणि ड्रीपरची उपमा मी उद्या आमच्या गाईडला ऐकवणार आहे.

पण शंकासुर, १३ तासाला थेंब ऐकून ती धार मंद वाटते ना, तिथं फसायला होतं, कारण नळीसुद्धा तशीच बारीक आहे, आतला व्यास २०-३० मायक्रॉन धर, तेवढ्याशा जागेतून ६० नॅनोलिटर जायचे म्हणजे पाणी सेकंदाला मिलिमीटर-दोन मिलिमीटर पळतं आणि केसाची लांबी तर मिलिमीटरचा काहीशेवा भाग. त्याच्या मापानं तो पूरच.

नाना, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की पेशीला तीन गोष्टी जाणवतात. पाणी भिंतीला घासत जातं त्या घासण्याला शिअर स्ट्रेस म्हणतात, धमनीत तो दर चौरस सेंटिमीटरला १०-१५ डाइनच्या (डाइन हे जोराचं छोटं माप) घरात असतो आणि किडनीच्या नळीत १ च्या आसपास किंवा त्याहून कमी. त्यात केस भिंतीतून वर आलेला असल्यामुळे त्याच्यावर वाकवणारा जोर पडतो. शिवाय दाब वाढला तर नळी फुगते आणि पेशी ताणली जाते, ते वेगळं. पेशीकडे या सगळ्यांसाठी वेगवेगळी साधनं आहेत, केस त्यातलं एक आणि त्याचीच जाहिरात जास्त झाली.

आता मुख्य प्रयोग. २००१ साली प्रेटोरियस आणि स्प्रिंग या दोघांनी एमडीसीके पेशी घेतल्या, आत कॅल्शियम वाढलं की चमकणारा रंग भरला आणि अतिशय बारीक काचेच्या नळीनं शोषून एकच केस वाकवला. पेशीतलं कॅल्शियम वाढलं. नुसतं तिच्यात नाही, तिथून लाटेसारखं शेजारच्या पेशीत, मग तिच्या शेजारी. म्हणजे एका घराला कळलं की गल्लीला कळतं. प्रवाह वाढवला तरी तेच. मग २००३ मधे त्यांनी केस पाडून टाकले, क्लोरल हायड्रेट वापरून, हो तेच, तेलंगणात ताडीत भेसळ करतात ते, देगलूर-बिलोलीकडच्या लोकांना सांगायला नको. केस गेले तसा धारेला मिळणारा प्रतिसादही गेला. पेशी जिवंत, पण धार आली गेली काही पत्ता नाही.

मी स्वतः हा फ्लोचा प्रयोग करते. सिरिंज पंप, काचेचा चेंबर, त्यात पेशींचा गालिचा. बाकी सगळं जमतं पण नळीत एक बुडबुडा आला की संपलं, तो पेशींवरून रोलरसारखा जातो आणि तीन दिवसांची मेहनत साफ. गेल्या महिन्यात चारदा झालं. येलदरीवाले तुम्ही लाइनमधली हवा कशी काढता?

येलदरीवाला
बुधवार, रात्री १०:१५

ताई उंच जागी एअर व्हॉल्व्ह लावायचा, अन् सुरू करताना शेवटची एंड कॅप उघडी ठेवून आधी हळूहळू पाणी सोडायचं, पाणी साफ आलं की कॅप लावायची. एकदम मोटर फुल्ल सोडू नका. तुमच्याकडं चेंबर तिरपा धरून बघा, हवा वरच्या बाजूनं निघंल.

डायलिसिसताई
बुधवार, रात्री ११:०२

मी लातूरला डायलिसिस टेक्निशियन, आमच्याकडं हवेचा बुडबुडा म्हणजे अलार्म वाजतो अन् मशीन आपोआप क्लॅम्प होते, तेवढ्यासाठी सेन्सर बसवलेलाय. बाकी धागा वाचायला मजा येऊ लागली. पण येलदरीवाला भाऊ, मला एक विचारायचंय, आबांना होतं, दादाला निघालं. तुमच्या वडलांचं काय?

संचालक
बुधवार, रात्री ११:१०

आठवण: या मंचावर औषधं, डोस सुचवू नयेत. माहितीची चर्चा चालू द्या.

शंकासुर
गुरुवार, पहाटे १:४०

पेट्रीडिश मॅडम, झोप आली नाही म्हणून शोधत बसलो. तुम्ही २००१ सांगितलं, २००३ सांगितलं, २०१६ का नाही सांगितलं? नेचर ह्या विज्ञानाच्या नियतकालिकात डेलिंग अन् मंडळींचा पेपर आहे, त्याचं शीर्षकच असं आहे की प्रायमरी सिलिया कॅल्शियमनं उत्तर देणारे सेन्सर नाहीतच. त्यांनी केसाच्या आतच कॅल्शियम दाखवणारं प्रथिन बसवलं, केस वाकवला, अन् केसात काहीच चमकलं नाही. जिथं चमकलं तिथं कॅल्शियम पेशीतून केसात आलेलं, उलट दिशेनं. म्हणजे तुमची सगळी गोष्ट उलटी झाली ना?

पेट्रीडिश
गुरुवार, सकाळी ८:३०

सांगणारच होते रे, पण येलदरीवाल्यांना आधी केस म्हणजे काय ते तरी कळू दे.

हो, तो पेपर आला तेव्हा आमच्या फील्डमधे घरात भांडण लागल्यासारखं झालं. नीट सांगते. भांडण कशावर आहे आणि कशावर नाही हे वेगळं ठेव. धार वाढली की किडनीच्या पेशी बदलतात, यावर कोणाचंच भांडण नाही. भांडण एवढंच की केस वाकल्यावर केसातूनच कॅल्शियम आत शिरतं का. डेलिंगच्या गटाचं म्हणणं नाही शिरत. आणि त्यांचं मोजमाप फार काळजीपूर्वक होतं, मी ते हलक्यात घेत नाही. मग २०२३ मधे सायन्स या नियतकालिकात दोन पेपर आले, एक झेब्राफिशवर आणि एक उंदराच्या गर्भावर, त्यांनी लेसरच्या चिमट्यानं एकेक केस धरून वाकवला आणि तिथं कॅल्शियम वाढलं. पण ते केस गर्भाच्या डाव्या-उजव्या बाजू ठरवणाऱ्या जागेतले, हृदय डावीकडे का जातं ते ठरवणारे. किडनीतले नाहीत. म्हणून मी त्यावरून किडनीचं काही ठरवत नाही.

मला विचारशील तर किडनीत कॅल्शियमवर आम्ही जरा जास्तच भाळलो. मोजायला सोपं, स्क्रीनवर हिरवं चमकतं, फोटो छान येतो. २०१० साली जर्मनीतल्या एका गटानं दाखवलं होतं की धार चालू असली की या पेशी आकारानं लहान राहतात आणि धार बंद झाली की फुगतात, केस काढला तर धार असूनही लहान होत नाहीत, आणि यात कॅल्शियमचा संबंधच नाही. केसाच्या बुडाशी एलकेबी१ नावाचं प्रथिन असतं, ते पेशीच्या वाढीचा जो मुख्य खटका आहे, एमटॉर, तो दाबून धरतं. म्हणजे धार चालू तोवर वाढीला लगाम. हे मला कॅल्शियमच्या चमकण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं आणि दादांच्या फोडांच्या जवळ जाणारं पण.

नाना_अंबड
गुरुवार, सकाळी ८:५५

म्हणजे गेज खोटं असो वा खरं, पाणी चालू आहे हे चौकीदाराला कळतं. कसं कळतं यावर इंजिनिअर लोकांचं भांडण. ओळखीचं आहे.

येलदरीवाला
गुरुवार, दुपारी ३:३०

डायलिसिसताई, वडील मी सहावीत असताना गेले. विहिरीत मोटर काढायला उतरले होते. त्यांची कधी सोनोग्राफी झाली नाही, कशाला होईल. त्यामुळं माहीत नाही.

पेट्रीडिश ताई, फोड अन् केसाचं जुळवा एकदाचं.

पेट्रीडिश
गुरुवार, रात्री १०:२०

जुळवते. आणि इथं तुमचा जुना दुष्मन येतो, ड्रीपर तुंबवणारं शेवाळ.

तळ्यात हिरवं एकपेशीय शेवाळ असतं, क्लॅमिडोमोनास, दोन शेपट्या हलवत पोहतं. त्याच्या शेपट्या कशा वाढतात याचा अभ्यास करणाऱ्या लोकांना एक जीन सापडला, तो बिघडला की शेपटीच येत नाही. २००० साली लक्षात आलं की उंदरात हाच जीन बिघडलेली एक जात आधीपासून लॅबमधे आहे आणि त्या उंदरांच्या किडनीत फोड होतात. जाऊन बघितलं तर त्यांच्या किडनीतले केस आखूड. तोवर किडनीतल्या फोडांचा आणि केसांचा संबंध फारसा कोणी जोडला नव्हता. शेवाळावरचा पैसा फुकट जातो म्हणणाऱ्यांना मी ही गोष्ट सांगते.

माणसात हा आजार, म्हणजे पॉलिसिस्टिक किडनी डिसीज (पीकेडी), मुख्यतः दोन जीन्समुळे होतो, पीकेडी१ सोळाव्या क्रोमोसोमवर, १९९४ ला सापडला, आणि पीकेडी२ चौथ्यावर, १९९६ ला. त्यांची प्रथिनं, पॉलिसिस्टिन १ आणि २, याच केसावर बसलेली असतात. २००३ मधे नाउली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पॉलिसिस्टिन १ नसलेल्या पेशींना केस असतो पण धारेला त्या कॅल्शियमचं उत्तर देत नाहीत. तेव्हा सगळं सुंदर जुळलं, केस वाकतो, पॉलिसिस्टिनचं दार उघडतं, कॅल्शियम येतं, पेशी शहाण्यासारखी वागते, दार बिघडलं की पेशीला वाटतं धारच नाही, ती वाढत सुटते, फोड होतो. पुस्तकात अजून हेच असतं.

आणि मग २०१३ ला एक निकाल आला त्यानं माझी तरी झोप उडवली होती, तेव्हा मी एमएस्सीला होते. उंदरात पॉलिसिस्टिन काढलं की फोड येतात हे माहीत होतं. केस काढला तरी थोडेफार येतात हेही. मग दोन्ही काढले तर जास्त यायला पाहिजेत ना? उलट झालं. पॉलिसिस्टिन नसताना केसही काढला तर फोड खूपच कमी. म्हणजे केस नुसता सेन्सर नाही, तो स्वतः वाढीचा काहीतरी निरोप पाठवत असतो आणि पॉलिसिस्टिन त्याच्या तोंडावर हात ठेवून असतं. हात काढला की ओरडा सुरू, आणि तोंडच नसेल तर ओरडा नाही.

म्हणून डॉक्टरांनी केसपेपरच्या मागं काढलेलं चित्र बरोबर असलं तरी "केस बिघडला" एवढंच म्हणून भागत नाही. केस शाबूत असतो, त्याला आवरणारं नसतं.

शंकासुर
गुरुवार, रात्री १०:४५

हे पटलं. म्हणजे केस काढल्यावर फोड कमी, हा निकाल "सेन्सर तुटला" ह्या गोष्टीत बसतच नाही. माघार घेतो, गोष्ट सांगितल्यासारखं वाटतंय म्हणलो होतो ते.

जोंधळा
गुरुवार, रात्री १०:५०

शंकासुरानं माघार घेतली, उद्या नांदेडला बर्फ पडंल.

नाना_अंबड
शुक्रवार, सकाळी ६:०५

ताई, केस सोडून बाकी साधनं आहेत म्हणालात ती सांगा की. डावा कालवा २०८ किलोमीटर, हेडला म्हणजे सुरुवातीला पाणी सोडलं की टेलच्या म्हणजे शेवटाच्या परभणीकडच्या माणसाचा फोन आमच्या साहेबांना यायचा, पाणी पोचलं नाही. हेडवाले म्हणायचे आम्ही पूर्ण सोडलंय. मधल्या मधे कोण घेतो ते सगळ्यांना माहिती. किडनीत टेलचा निरोप हेडला कसा जातो?

पेट्रीडिश
शुक्रवार, रात्री ८:१५

नाना, तुम्हाला हे फार आवडणार आहे. किडनीची नळी हेडपासून निघते, खाली खोल जाऊन वळसा घेऊन वर येते आणि वर आल्यावर स्वतःच्याच हेडला, ज्या गाळणीपासून निघाली त्याच गाळणीच्या तोंडाला, चिकटून जाते. तिथं मॅक्युला डेन्सा नावाच्या पेशींचा एक ठिपका असतो. त्या येणाऱ्या पाण्यातलं मीठ चाखतात. धार जोरात आली तर वाटेत मीठ पुरेसं काढून घेता येत नाही, खारट पाणी येतं, मग त्या पेशी हेडच्या रक्तवाहिनीला आवळायला सांगतात, गाळणं कमी. कमी मीठ आलं तर सैल सोडायला सांगतात. दर नळीला असा स्वतःचा बंदोबस्त, वीस लाख नळ्या, वीस लाख टेलवाले स्वतःच हेडला जाऊन बसलेले.

आणि सुरुवातीच्या भागात, गाळल्याबरोबर लगेच, तिथल्या पेशींवर केसासोबत ब्रशसारखी दाट लव असते. हा भाग आलेल्या पाण्यातलं दोन तृतीयांश वापस घेतो, आणि गंमत म्हणजे जास्त आलं तरी साधारण तेवढाच वाटा, कमी आलं तरी तेवढाच. वाटा ठरलेला, लिटर नाही. त्यासाठी धार कळायला पाहिजे, आणि वाइनबाउम आणि त्यांच्या साथीदारांनी गणित मांडून सांगितलं की तिथं लवच वाकते आणि तिच्या बुडाच्या जाळ्याला ओढ बसते, ती ओढ पेशीला धारेचं माप देते.

शेवटच्या भागात, जिथं नळ्या एकत्र येऊन मोठी नळी होते, तिथं दोन जातीच्या पेशी. एकीला केस आहे, दुसरीला नाही. आणि केस नसलेलीला पण धार वाढली की कॅल्शियम वाढतं! म्हणजे तिच्याकडे अजून काही वेगळं. इथं धार वाढली की पोटॅशियम बाहेर टाकण्याची मोठी दारं उघडतात.

डायलिसिसताई
शुक्रवार, रात्री ९:४०

पोटॅशियमचं नाव काढलं म्हणून लिहिते. आमच्याकडं उन्हाळ्यात दर साली एक-दोन जण शहाळं पिऊन येतात, "नारळपाणी तर चांगलं असतं ना ताई". लघवीच होत नसेल तर पोटॅशियम कुठून जाणार. छातीत धडधडायला लागलं की रात्री दोनला फोन. हे दारांचं अन् धारेचं माहीत नव्हतं, आता पेशंटला समजावून सांगायला बरं पडंल, नळी वाहतीच नाही तर दार उघडंल कशाला.

अन् मुतखड्याचं पण सांगते. आपल्याकडं एप्रिल-मे मधे दिवसभर रानात, पाणी कमी, खडा होतो, अन् खडा नळीत अडकला की मागं पाणी तुंबतं. लोक दुखणं थांबलं की खडा पडला समजून घरी बसतात. पडलेला नसतो. मागं किडनी फुगत असते, दुखत नसली तरी. धार थांबल्यावर आतल्या पेशींची काय हालत होत असंल ते हा धागा वाचून कळायलं.

येलदरीवाला
शनिवार, सकाळी ७:२०

एक अडाणी प्रश्न. धार चालू असली की वाढीला लगाम, असं ताई म्हणल्या. मग दादानं भरपूर पाणी प्यायलं तर धार वाढंल अन् फोड थांबतील? वहिनी त्याला रोज पाच लिटर पाजायलीय, तांब्या घेऊन मागं.

पेट्रीडिश
शनिवार, सकाळी ११:००

अडाणी अजिबात नाही, हाच प्रश्न लोकांनी ट्रायल करून विचारला. मात्र कारण धारेचं नव्हतं, हार्मोनचं होतं. शरीराला पाणी कमी पडलं की व्हेसोप्रेसिन वाढतं, ते फोडांच्या पेशीत सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या रेणू वाढवतं, आणि त्यानं फोडात पाणी भरतं आणि पेशी वाढतात. टॉलव्हाप्टन नावाचं औषध तेच अडवतं, २०१२ च्या मोठ्या ट्रायलमधे त्यानं किडनी वाढण्याचा वेग कमी झाला, पण माणूस दिवसरात्र लघवीला पळतो आणि लिव्हरवर लक्ष ठेवावं लागतं. मग विचार आला की नुसतं पाणी पाजून व्हेसोप्रेसिन खाली ठेवलं तर? ऑस्ट्रेलियात तीन वर्षं करून बघितलं, २०२२ ला निकाल आला, जास्त पाणी पिणाऱ्यांच्या किडन्या वाढायच्या थांबल्या नाहीत, फरक दिसला नाही.

आणि धारेचं म्हणाल तर फोड नळीपासून बहुतेक तुटलेला असतो. बंद पिशवी. वरून कितीही पाणी सोडा, एंड कॅप लावलेल्या आणि सबमेनपासून कापलेल्या लॅटरलच्या तुकड्यात काय धार येणार?

येलदरीवाला
शनिवार, सकाळी ११:२५

कळलं. एकदम कळलं. हे मी वहिनीला सांगू शकतो.

डायलिसिसताई
शनिवार, दुपारी १२:१०

वहिनींना एवढंच सांगा की किती पाणी प्यायचं ते किडनीच्या डॉक्टरला विचारा, प्रत्येकाचं वेगळं असतं, अन् बीपीची गोळी एक दिवस चुकवायची नाही. बीपी सांभाळणं हे सगळ्यात कामाचं, केस-बिस नंतर.

अन् भाऊ, मी बुधवारी विचारलेलं. आई-बापापैकी एकाला असलं तर दर लेकराला निम्मी शक्यता. आबांना होतं असं धरलं तर ते बहुतेक आजी-आजोबापैकी कोणाकडून तरी आलेलं असणार, तुमचे वडील त्यांचे सख्खे भाऊ. त्यांना होतं का नव्हतं आता सांगता येणार नाही, पण तुमचं बघता येतं. वय काय तुमचं?

येलदरीवाला
शनिवार, रात्री ११:३०

३८.

बीपी मागच्या साली शिबिरात १५० निघालं होतं. मी म्हणलं उन्हातून आलोय म्हणून.

नाना_अंबड
रविवार, सकाळी ६:००

येलदरीवाला, गेजवर आलेलं रीडिंग उन्हामुळं आहे असं आम्ही पण लिहायचो रजिस्टरला. परभणीला जायचं असेल तर सांगा, माझी मुलगी तिथं असते, मी येतो सोबत.

पेट्रीडिश
रविवार, सकाळी १०:४५

जाऊन या दादा. नसण्याची शक्यता असण्यापेक्षा जास्तच आहे तुमच्या बाबतीत, वडलांचं निम्मं आणि त्याच्या निम्मं. बीपी धरून ते जरा हलतं, पण बीपी निम्म्या गावाला असतं.

आणि हो, आज पहाटे चेंबर तिरपा धरला, शेवटचं टोक उघडं ठेवून हळू भरला. बुडबुडा नाही. आत्ता सहा तास झाले, पेशी जागेवर आहेत.

येलदरीवाला
रविवार, रात्री ९:१५

बरं वाटलं ताई. सोमवारी बोरीला सबमेन जोडायचंय, चाऱ्या खोदून ठेवल्यात, शेतकरी वाट बघायलाय. नाना, मंगळवारी जमंल का? सकाळची पहिली बस धरतो. दादाला पण घेतो, त्याचं पण दाखवायचंच हाय.

नाना_अंबड
रविवार, रात्री ९:२०

जमेल. स्टँडवर थांबतो.

डायलिसिसताई
रविवार, रात्री ९:४८

मंगळवार म्हणजे मंगळवार. अन् सोनोग्राफीला जाताना तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी पिऊन लघवी धरून ठेवा, नाहीतर तिथं बसवून ठेवतात.

जोंधळा
रविवार, रात्री ९:५०

एंड कॅप लावूनच जा भाऊ.